अक्षर कुणालीचं

धसई, ता. मुरबाड
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रुचिता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर तुझं नाव, आत मजकूर तुझा, पण अक्षर तुझं नाही. आधी वाटलं, पोस्टमनने दुसऱ्या कुणाचं पत्र आपल्या दारात टाकलं. मग पुढे वाचलं की तुझ्या उजव्या मनगटाची नस तुटली, कल्याणला ऑपरेशन झालं, टाकेही निघाले, हात अजून प्लास्टरमध्ये आहे आणि हे पत्र तुझी नणंद कुणाली लिहिते आहे. एवढं सगळं होऊन गेल्यावर मला कळतं आहे.

माझे कान गेल्यापासून आपलं बोलणं कागदावरच. फोनवर तुझा आवाज मला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. एवढी एक पत्राची वाट होती, तीत आता तिसरं माणूस येऊन बसलं. कुणाली बिचारी चांगलीही असेल, मी कशाला नाव ठेवू. पण सासर सोडून माहेरी आलेली नणंद आणि तिच्या हाती तुझी लेखणी, हे मला बरं वाटत नाही.

एकच सांग. पत्रात लिहिलं आहे की भात कापताना विळा लागला. अगो, विळा असतो उजव्या हातात. आपला विळा आपल्याला लागला तर डाव्या हाताला लागतो. माझ्या डाव्या बोटांवरचे वण तू लहानपणी चाचपत बसायचीस. तुझा उजवा हात कापला, तोही आतल्या बाजूने. मग विळा कुणाच्या हातात होता?

दिपेशरावांना माझा प्रश्न दाखवलास तरी चालेल. न दाखवलास तर जास्त चांगलं. तुझा भाचा संजू बरा आहे, त्याची जीप सध्या सरळगाव-मुरबाड धावते आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. खरं असेल ते लिही, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
निर्मला


डोळखांब, ता. शहापूर
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
रुचिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. वाचायला हात लागत नाही. आता मी सांगते आणि कुणाली लिहिते.

विळा कुणाच्याच हातात नव्हता, ताई. मी भारा बांधत होते. जेवायला जाताना विळा मीच पेंढीत खोचून ठेवला होता, आपल्या घरी ठेवतात तसा. इथे विळा बांधावर दगडाखाली ठेवतात. लग्न होऊन आले त्याच वर्षी मला तसं सांगितलं होतं, पण हाताची सवय जाते कुठे. जेवून आले, विसरले, आणि बंद ओढायला भाऱ्याखाली हात घातला. माझ्याच विळ्याने मला कापलं हे सांगायची लाज वाटली, म्हणून ‘कापताना लागला’ असं लिहायला लावलं. (मी तेव्हाच म्हटलं होतं, वहिनी, ताई खोटं पकडतील. — कुणाली)

प्लास्टर निघालं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं माझी नाहीत असं वाटतं. हात धुतला तरी ती बोटं कोरडीच वाटतात. शहापूरला राही मॅडम म्हणून आहेत, त्या व्यायाम शिकवतात. त्यांचं म्हणणं, शिवलेली नस मनगटातून बोटांकडे वाढत जाते, पण इतकी हळू की रोज बघितलं तर वेड लागेल. ती टोकाला पोहोचेपर्यंत अंगठा मोकळा राहिला पाहिजे. तो आखडला, तर नस येऊनही उपयोग नाही, हात कायमचा जाईल. म्हणून एक कडक पट्टी दिली आहे, तिने अंगठा बोटांपासून लांब राहतो. ती रात्रीसुद्धा बांधायची. टोचते. मी रडते, कुणाली बांधते. ती माझं ऐकत नाही.

मॅडम मनगटावर पेन्सिलीच्या मागच्या बाजूने टकटक करतात. जिथे झिणझिण्या येतात तिथवर नस आली असं समजायचं. अजून मनगटाच्या घडीतच आहे.

भाकरी कुणाली करते. जाड करते. (वहिनीने हे लिहायला लावलं.) कागद संपला. थोरांना नमस्कार. आहे तशी माया ठेव.

तुझी,
रुचिता


धसई
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. रुचिता हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. संजू तुझ्या हातात देईल. तो समोर असतानाच वाच आणि चुलीत घाल.

तुझं डिसेंबरचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. विळ्याचं तू सांगितलंस ते मनाला पटलं, आणि पटलं म्हणूनच मन अडलं. पेंढीत विळा खोचायची सवय आपल्या घरची, म्हणजे दोष पुन्हा आपल्याच घराचा. विचारलेल्या प्रश्नाचं इतकं नीट उत्तर सासरच्या माणसाच्या अक्षरात आलं की मला झोप येत नाही.

आणि शेवट. तुझ्या लग्नात, हळदीच्या दिवशी, मोरीजवळ उभं राहून मी तुला काय सांगितलं होतं ते आठव. सासरी काही वाईट होत असलं आणि उघड लिहिता येत नसलं, तर पत्राच्या शेवटी लहानांना आशीर्वाद लिहू नकोस, मी समजेन. इतकी वर्षं तू प्रत्येक पत्रात आशीर्वाद लिहिलेस. कुणालीच्या अक्षरातल्या दोन्ही पत्रांत फक्त थोरांना नमस्कार.

तरी मी थांबले. म्हटलं, चूक असेल. पण आता शेजारची रुपा म्हसाच्या जत्रेत तुम्हाला भेटून आली. ती माझ्या कानाशी तोंड लावून म्हणाली, काकी, तुमच्या बहिनीची बोटं भाजल्याली हायत, टपोरे फोड आलेत, मी इचारलं तर ती नणंद मधेच बोलली की काय नाय, तवा लागला. नणंदेने का बोलावं? तुला तोंड नाही? आणि भाकऱ्या तर कुणाली करते ना, मग तवा तुला कुठे लागला?

मी रविवारी येते आहे. तुला घेऊन जाणार आहे. दिपेशराव काही म्हणाले तर मी बहिरी आहे, मला ऐकू येणार नाही. चार कपडे पिशवीत भरून ठेव. भिऊ नकोस.

तुझी ताई


डोळखांब
३ फेब्रुवारी २०२५

सौ. वहिनीस,
कुणालीचा सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घरात मी आणि दादा एकमेकांकडे बघत बसतो. तुझ्या ताई आल्या तेव्हा मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. कपाकडे असं बघितलं की मीच एक घोट पिऊन दाखवावा का असं मनात आलं. जाऊ दे. माहेरपण कर, आराम कर, तुझा हक्क आहे.

पण पट्टी विसरू नकोस. पिशवीत साडीच्या घडीत मी ठेवली आहे, ताईंना दाखव कशी बांधायची ते. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी रोज हळू ताणायची, दुखलं की थांबायचं, पण दुखायच्या आधी नाही. तांदळाचं घमेलं त्यांच्याकडेही असेल. डोळे मिटून हात घालायचा, आत ठेवलेलं बटण, चिंचोका, सुपारी बोटांनी ओळखायची. नाही ओळखता आलं तर डोळे उघडून बघायचं आणि परत मिटून तेच चाचपायचं, म्हणजे बोटांना आठवण राहते. ताईंना सांग की गरम भांड्याला तू हात लावायचा नाही. त्या फोडांचं तू कुणाला सांगू नकोस म्हणालीस म्हणून मी गप्प बसले, पण मला ते बरोबर वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात पाच तारखेला राही मॅडमकडे जायचं आहे. दादा न्यायला येईल. शिलाईचं काम बरं चाललं आहे, डोळखांबच्या शाळेतल्या शिक्षिकांचे ब्लाउज आलेत, सगळ्यांना बाही एकसारखी आणि सगळ्यांची तक्रार वेगळी. मला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
कुणाली


धसई
१० फेब्रुवारी २०२५

कुणाली हिस आशीर्वाद.

वहिनीला लिहिलेलं तुझं पत्र मी वाचलं. तिला दिलं नाही. तुला राग आला तर येऊ दे.

ती इथे आली तेव्हा तिच्या हाताला पट्टीचे लाल वळ होते. कैद्याच्या हाताला असतात तसे. पहिल्याच रात्री मी ती पट्टी सोडली आणि फळीवर ठेवून दिली. रोज कोमट खोबरेल तेल लावून मऊ फडक्यात हात गुंडाळून ठेवते. ती झोपते, बाई. आई गेल्यावर लहानपणी माझ्या कुशीत झोपायची तशी शांत झोपते. तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. नाचणीची आंबील, तांदळाची भाकरी, सगळं मी भरवते. पहिला घास तोंडात घातला तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुमच्या घरात तिला कुणी भरवलं होतं का?

आणि ते तांदूळ. डोळे मिटून तांदळात हात घालून बसणाऱ्याला आमच्याकडे भगत म्हणतात. कुणी कुणाला काय केलं ते तो तांदळात बघतो. माझ्या बहिणीला कुणी काय केलं हे बघायचं असलं तर मला तांदूळ लागत नाहीत, मला डोळे आहेत.

तू तुझ्या शिलाईत सुखी रहा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं आहे, तुला नाही कळायचं.

निर्मला


डोळखांब
९ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगते, कुणाली लिहिते आहे. तिचा हात थांबला तर मी थांबून पुन्हा सांगते.

हे मला न्यायला आले तेव्हा तू दारात आडवी उभी राहिलीस. मी त्यांच्यामागे गेले, तुझ्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर राहिले असते. ताई, तुझ्याकडे मला फार बरं वाटलं. व्यायाम नाही, पट्टी नाही, कुणी रागे भरत नाही. तू पट्टी सोडलीस तेव्हा मी नको म्हणाले नाही. तुला सगळं माहीत नव्हतं, मला होतं. म्हणून तुझ्या एकटीवर ढकलत नाही.

राही मॅडमनी माझा अंगठा धरला आणि बाजूला नेऊन बघितला. जात नाही. तळहाताला चिकटून बसला आहे. त्यांनी पुन्हा एकदा नेऊन बघितला. मग एवढंच म्हणाल्या की रुचिताताई, तुम्ही मागे गेलात. नस मात्र पुढे सरकली आहे, पेन्सिल तळहातावर वाजवली की झिणझिण्या येतात. नस येते आहे आणि दार बंद आहे. ती पोहोचायच्या आत अंगठा उघडला नाही तर पुन्हा ऑपरेशन, आणि त्यानंतरही काही सांगता येत नाही. मग विळा धरणं नाही, सुई नाही, भाकरी नाही.

बोटं मला कुणी भाजली नाहीत. कुणाली शिवणाचे कपडे द्यायला गेली होती. तिच्या जाड भाकरीला कंटाळून मी तवा ठेवला. भाकरी उलटली, छान झाली, वास आला तो भाकरीचा नव्हता. मला कळलंच नाही. तिला मीच गप्प बसवलं. आणि तो लहानांचा आशीर्वाद. संजूच्या हातचं तुझं पत्र वाचलं तेव्हा विचारायचं राहिलं, आता परत आल्यावर विचारलं, तर ती म्हणते की घरात सगळ्यात लहान मीच, मी स्वतःलाच आशीर्वाद कसा लिहू? म्हणून तिने तेवढं गाळलं होतं. मी पाठवण्याआधी वाचलं नव्हतं. मी हसले, मग मला रडू आलं. (हे खरं आहे, ताई. मला काही माहीत नव्हतं. — कुणाली)

आता लहानांना आशीर्वाद. ताई, माया आटवू नकोस.

तुझी,
रुचिता


धसई
२२ मार्च २०२५

चि. सौ. रुचिता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मला दोष देत नाही असं लिहून किती नीट दिलास. ‘नस येते आहे आणि दार बंद आहे’ हे तुझं बोलणं नाही. तू असं कधी बोलत नाहीस. हे बारावी शिकलेल्या पोरीचं बोलणं आहे.

मी तुझं वाईट केलं असेल तर ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. तेल लावताना तुझा अंगठा आत आत येत होता, ते मी बघत होते. मला वाटलं, झोपेत मुठी वळतात तशी ही निवांत झाली आहे. एवढंच सांगते, जास्त विचारू नकोस.

पण कुणालीच्या अक्षरातलं मी यापुढे काहीही खरं धरणार नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. तुझी नस पुढे येते आहे म्हणतेस ना, मग ज्या दिवशी पेन धरता येईल त्या दिवशी दोन ओळी स्वतः लिही. वाकड्या चालतील. तोवर मी पत्र लिहिणार नाही, तूही लिहू नकोस. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी ताई


डोळखांब
२९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
रुचिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अक्षर बघून पत्र बाजूला ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

अंगठा उघडला. पूर्ण नाही. करंगळीपर्यंत पोहोचत नाही आणि मॅडम म्हणतात की कदाचित कधीच पोहोचणार नाही. पण मधल्या बोटाला टेकतो. झिणझिण्या अंगठ्याच्या टोकाशी आल्या आणि मग एक दिवस त्या झिणझिण्या राहिल्या नाहीत, नुसतं कळायला लागलं. मी मोरीत हात धूत होते आणि पाणी गार लागलं. सगळ्या बोटांना. मी नळ बंद करायला विसरले. यंदा लावणीला वाकले नाही, पण रोपांच्या मुठी बांधायला बसले. बांधलेल्या मुठी कुणाली मागून पुन्हा घट्ट करत होती, मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता तिच्याबद्दल. ती हे लिहायला तयार नाही. मी समोर बसून कागदावर डोळे ठेवले आहेत.

तुझ्याकडून आले तेव्हा अंगठा ताणायला हात लावला की मी ओरडायचे. शेजारची माणसं दारात यायची. डोळखांबच्या बाजारात बायका बोलू लागल्या की नणंद भावजयीला मारते. तुझ्या एकटीलाच तसं वाटलं असं समजू नकोस. कुणालीने कुणाला काही समजावलं नाही. एकदा मी तिला घालूनपाडून बोलले, तुझा संसार मोडला म्हणून माझा हात मोडायला बसलीस का, असं. (हे नको ना वहिनी.) ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, आज सुटले. ती हातपाय धुऊन आत आली, समोर बसली आणि माझा अंगठा पुन्हा धरला. तिचे हात गार होते, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं. तिने नंतर सांगितलं.

ताई, तू मला भरवलंस, मला ते जन्मभर पुरेल. हिने मला कधी भरवलं नाही. ताट पुढे ठेवायची आणि माझं सांडणं बघत बसायची. मला तिचा राग यायचा. आज मी माझ्या हाताने जेवते.

आणि आता तुझ्या अटीबद्दल. मला पेन धरता येतं. आषाढातच यायला लागलं. कुणालीने माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाली की तुझ्या ताईला दोन ओळी लिही, माझी सुटका कर. मी लिहिल्या नाहीत. हे पत्रही मी लिहीत नाही, सांगते आहे. खालची सहीसुद्धा तिलाच करायला लावणार आहे. तिने स्वतःची स्तुती स्वतःच लिहून पाठवली असं तुला वाटेल. वाटू दे. मी माझ्या हाताने लिहून पुरावा दिला, तर तुझा विश्वास माझ्या हातावर बसेल, तिच्यावर बसणार नाही. आणि मला तो तिच्यावर बसायला हवा आहे.

दिपेश आणि मी बरे आहोत. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, कुणालीला धरून. बाकी तुझ्या मनात असेल ते तसंच राहो.

तुझी,
रुचिता


धसई
११ सप्टेंबर २०२५

चि. कुणाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तुला लिहिते आहे, वहिनीला नाही. तिने वाचलं तरी हरकत नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते अर्ध्यावर ठेवून दिलं आणि गवत कापायला गेले. परत येऊन पुरं केलं. संजू जेवायला बसला तेव्हा त्याला दाखवलं. त्याने मोठ्याने विचारलं की मावशीचा हात बरा झालाय तर तिनं स्वतः का नाय लिवलं? मी सांगितलं, तिला लिहिता येतं म्हणून. त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, आई, तुझे कान गेले ते गेले, आता डोकंही चाललं.

मी संशयी बाई आहे आणि या वयात बदलणार नाही. अजूनही मनात येतं की तू तिचं थोडं वाढवून लिहिलं असशील. मग वाटतं, वाढवलं असतंस तर अंगठा करंगळीपर्यंत पोहोचवला असतास.

दिवाळीला दोघी या. किन्हवलीपर्यंत संजू जीप घेऊन येईल. भाकऱ्या मी करेन, तुझी जाड भाकरी आमच्याकडे चालायची नाही. चहा मात्र तू कर, मी पिईन. तिला भरवायची मला फार इच्छा होईल, तेव्हा तू माझ्याकडे नुसतं बघ, मी हात मागे घेईन.

रात्रीची पट्टी अजून बांधावी लागते का ते तू लिहिलं नाहीस. लागत असेल तर ती आठवणीने आण. इथे असेपर्यंत मी बांधेन. पण आधी एकदा माझ्या हातावर बांधून दाखव आणि रात्रभर तशीच राहू दे, किती टोचते ते मला बघायचं आहे.

तुझीही ताईच,
निर्मला